त्रिरश्मी लेणी आणि लेकीचे एम. ए.

आमच्या घरात महिनाभर एकच विषय चालू होता. थोरली मुलगी बी. ए. झाली, चांगल्या मार्कांनी झाली, आता पुढे काय? एके रात्री जेवताना तिने सांगून टाकले, "पप्पा, मला पाली आणि बौद्ध अध्ययनात एम. ए. करायचंय. पुण्याला."

ताटावरचे हात थांबले. तिची आई म्हणाली, "त्यापेक्षा बी. एड. कर. शाळेत तरी लागशील." धाकट्याने विचारले, "ताई, पाली शिकून बँकेची परीक्षा देता येते का?" माझी आई कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "पाली म्हंजे आपण वंदनेला म्हणतो तेच ना गं? ते तर मला येतं. त्याला पुण्याला कशाला जायचं?" सगळे हसले. मी हसलो नाही, कारण माझ्याही मनात तोच प्रश्न होता.

मी कारकून माणूस. दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास करून बी. कॉम. झालो. वीस वर्षे जमाखर्च, व्हाउचर आणि जावक-आवक यांतच गेली. संध्याकाळी वस्तीतल्या विहारात जातो, वर्षावासात ग्रंथवाचन लावतो, जयंतीच्या व्यासपीठावरून 'शिका' म्हणून सांगतो. पण स्वतःच्या घरात शिकण्याची गोष्ट निघाली तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "पगार किती मिळेल?" त्याची मला लाज वाटली. पण तो प्रश्न अगदीच चुकीचा होता असेही वाटले नाही. दोन वर्षांची फी, खोलीभाडे, मेस, येणे-जाणे. धाकटा बारावीत. कष्टकऱ्याच्या घरात शिक्षणाचा निर्णय हा पैशांचाही निर्णय असतो. तो लपवून उपयोग नाही.

मुलगी म्हणाली, "पप्पा, मला एक रविवार द्या. आपण पांडवलेणीला जाऊ. त्यानंतर नाही म्हणालात तरी चालेल."

आषाढी पौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झाले होते. भिक्खूंचा वर्षावास सुरू झाला होता. त्या रविवारी आम्ही दोघे निघालो.

नाशिकरोड ते डोंगर

आम्ही नाशिकरोडला राहतो. १९२० च्या दशकापासून इथे सरकारी छापखाने आहेत. तिकिटे, मुद्रांक आणि नोटा इथे छापल्या जातात. आमच्या वस्तीतली कितीतरी घरे प्रेसच्या पगारावर उभी राहिली. नोटेवरचा शिक्का आणि सही यांचे महत्त्व नाशिकरोडच्या माणसाला कुणी सांगायला नको. ही गोष्ट पुढे लेण्यात कामाला आली, म्हणून आधी सांगून ठेवतो.

शहर बसने द्वारकेला उतरलो आणि तिथून मुंबईच्या अंगाला निघालो. पाथर्डी फाटा गेला की डाव्या हाताला एकाला एक लागून उभे असलेले डोंगर दिसतात. नाशिकच्या मध्यापासून हे अंतर आठेक किलोमीटर. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे आणि शेजारीच भव्य बुद्ध स्मारक आहे. रविवारी तिथे पोरांची झुंबड असते, भेळ असते, मक्याची कणसे असतात. बहुतेक लोक पायथ्यावरूनच परत जातात. आम्हीही आजवर तेच केले होते. मी नाशकात जन्मलो, पण वरची लेणी नीट पाहिली होती ती शाळेच्या सहलीत एकदा. तेव्हा गुरुजींनी सांगितले होते, "पांडव वनवासात इथे राहिले." आम्ही मान डोलावली होती.

सुमारे दोनशे पायऱ्या आहेत. पाऊस बारीक पडत होता. पायरीवर थांबून दम घेताना मुलगी म्हणाली, "पप्पा, या चोवीस लेण्यांत इतके शिलालेख आहेत, पण पांडवांचे नाव एकाही लेखात नाही. डोंगराचे नाव आहे. तिरण्हु. त्यालाच आपण त्रिरश्मी म्हणतो. पायथ्याच्या मुलखाचे नाव गोवर्धन, ते गाव आजही गंगापूरजवळ आहे. आणि शहराचे नाव आहे नासिक. एकोणिसाव्या लेण्यातल्या लेखात आहे."

एकोणिसावे लेणे इथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी. सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या काळात, नासिकमध्ये श्रमणांसाठी नेमलेल्या महामात्राने ते करवून घेतले असे तिथे कोरले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या शहरात भिक्खूंची व्यवस्था पाहणारा एक सरकारी अधिकारी होता.

तिसरे लेणे: एक सरकारी आदेश

आम्ही प्रथम तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गेलो. मोठे लेणे आहे. ओसरीच्या खाली सहा धिप्पाड यक्ष जमिनीतून वर आलेले दाखवले आहेत, जणू सगळे लेणे तेच खांद्यावर पेलून धरत आहेत. दाराभोवतीचे नक्षीकाम पाहून सांचीच्या तोरणाची आठवण होते. ओसरीच्या मागच्या भिंतीवर राजमाता गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी या आजीने हे लेणे भिक्खुसंघाला दिले आणि आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे पराक्रम त्यात कोरवून घेतले. इतिहासाच्या पुस्तकात सातवाहनांचे जे पान असते, त्यातले बरेच या एका भिंतीवरून आलेले आहे.

पण मुलीने मला ओसरीतल्या बाजूच्या भिंतीकडे नेले. "हा वाचा."

मला काय वाचता येणार? ब्राह्मी लिपी. काड्या, वर्तुळे, आकडे. तिने दोन वर्षे रविवारच्या वर्गात लिपी शिकून पालीचा प्रमाणपत्र कोर्स केला होता. लेखाची भाषा प्राकृत आहे, पालीची सख्खी बहीण. ती बोट हवेत ठेवून, दगडाला न लावता, एकेक अक्षर सांगू लागली आणि मला मराठीत अर्थ देऊ लागली.

मी ऐकत गेलो आणि चकित झालो. हा तर ऑफिसातला आदेश! गोवर्धन इथला अमात्य सामक याला राजा गौतमीपुत्र आणि राजमाता यांच्याकडून कळवण्यात येत आहे की, तिरण्हु डोंगरावरच्या भिक्खूंना आम्ही पूर्वी कखडी गावातले शेत दिले होते. पण त्या शेताची नांगरट होत नाही आणि गावही ओस पडले आहे. सबब, नगराच्या हद्दीवर आमच्या मालकीचे जे शेत आहे, त्यातले शंभर निवर्तन त्यांना द्यावे. पुढे सवलतींची यादी. राजाच्या अंमलदारांनी त्या शेतात शिरू नये, त्याला हात लावू नये, तिथे मिठासाठी खणू नये. आदेश तोंडी दिला, लोटा नावाच्या प्रतिहारीने लिहून घेतला. शेवटी तारीख. वर्ष २४, पावसाळ्याचा चौथा पक्ष, पाचवा दिवस.

वाचक बंधू-भगिनींनो, मी आयुष्यभर असेच कागद लिहीत आलो. 'संदर्भ', 'विषय', 'सबब', 'आदेशावरून'. जुना आदेश का रद्द केला, त्याचे कारण. नवा आदेश काय, त्याचा तपशील. कोणी लिहिला, कोणत्या तारखेला. मला वाटत होते लेणी म्हणजे राजे-महाराजे आणि मूर्ती. इथे तर माझ्या टेबलावरची फाईल दगडात कोरलेली होती. आणि ती लोटा! एकोणीसशे वर्षांपूर्वी तोंडी आदेश ऐकून भराभर लिहून घेणारी बाई. मला ती अगदी जवळची वाटली.

शेजारी याच राजाचा सहा वर्षे आधीचा, वर्ष १८ चा दुसरा आदेश आहे. पश्चिम कखडीतले दोनशे निवर्तनांचे शेत, जे आतापर्यंत उसभदात वहिवाटत होता, ते भिक्खूंना दिले, असे त्यात म्हटले आहे. "हा उसभदात कोण?" मी विचारले. "चला, त्याच्याच लेण्यात जाऊ," मुलगी म्हणाली.

वाटेतले आठवे लेणे

वाटेत आठवे लेणे लागते. लहान आहे, लोक आत डोकावतही नाहीत. त्यावर छोटासा लेख आहे. 'दासक' मुगुदास आणि त्याच्या कुटुंबाचे हे दान. दासक म्हणजे कोळी, मासे धरणारा माणूस, असा अर्थ अभ्यासक लावतात. राजमातेचे लेणे तिकडे, आणि गोदावरीत जाळे टाकणाऱ्या माणसाचे लेणे इकडे, एकाच डोंगरात, एकाच कड्याला. दोघांचीही नावे दगडात आहेत. "राजे तर पुस्तकात सापडतात, पप्पा. मुगुदास मात्र लिपी येणाऱ्यालाच भेटतो," ती म्हणाली.

पुढे जे एकुलते एक चैत्यगृह आहे, म्हणजे अठरावे लेणे, त्याच्या दर्शनी भागाचे दान धंबिक गावच्या लोकांनी केले आहे. म्हणजे गावाने वर्गणी काढली. आपण विहारासाठी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो, तशीच.

दहावे लेणे: हिशेब जुळला

आता उसभदात. लेखांत त्याचे नाव उषवदात असेही येते. शक क्षत्रप नहपान याचा हा जावई, दिनीकाचा मुलगा. बापाचे आणि सासऱ्याचे नाव ऐकले की कळते, माणूस मूळचा दूरच्या मुलखातल्या घराण्यातला. दहावे लेणे त्याने खोदवून घेतले, आणि त्याची बायको दक्षमित्रा हिने इथे एक खोली दान दिल्याचा वेगळा लेख आहे. नवऱ्याच्या दानापुढे बायकोचे दान तिच्या स्वतःच्या नावाने कोरलेले आहे, हे आपल्या भगिनींनी मुद्दाम पाहावे.

ओसरीतला मोठा लेख मुलीने मला सांगितला आणि म्हणाली, "पप्पा, हे तुमच्या विषयातले आहे. बी. कॉम. आहात ना? मला एक आकडा नीट कळत नाही."

लेखात असे आहे. वर्ष ४२, वैशाख महिना. उषवदाताने हे लेणे चारी दिशांच्या संघाला दिले. सोबत तीन हजार कार्षापणांची 'अखयनिवी' ठेवली. अखयनिवी म्हणजे कधीही न मोडायची ठेव. ही रक्कम गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे गुंतवली. दोन हजार एका श्रेणीकडे, व्याज दरमहा शेकडा एक पडिक. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, व्याज दरमहा शेकडा पाऊण पडिक. मुद्दल परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. हजाराच्या व्याजातून भिक्खूंचा इतर किरकोळ खर्च. आणि हे सगळे नगरसभेत जाहीर केले व रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले.

"वह्यांमध्ये पडिक म्हणजे कार्षापणच, असे लिहिलेय. पण ते कशावरून?"

मी खिशातून बसचे तिकीट काढले आणि मागच्या बाजूला पेनाने मांडले. शेकडा एक, दोन हजारांवर महिन्याला वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. आता खर्चाची बाजू. वीस भिक्खू, प्रत्येकी बारा. दोनशे चाळीस!

जमा दोनशे चाळीस, खर्च दोनशे चाळीस. शिल्लक शून्य. ताळा बरोबर.

मी पुन्हा एकदा गुणाकार केला. बरोबर. पडिक म्हणजे कार्षापण धरले तरच हा हिशेब जुळतो, एरवी नाही. दुसरी ठेव हजाराची, पाऊण टक्क्याने महिन्याला साडेसात, वर्षाला नव्वद. आजच्या भाषेत एक ठेव बारा टक्क्यांची, दुसरी नऊ टक्क्यांची. ज्याने हे मांडले त्याने आधी खर्च ठरवला, मग त्याला किती व्याज लागेल ते काढले आणि मग तेवढी मुद्दल ठेवली. कुठल्याही चांगल्या ट्रस्टचा हिशेबनीस हेच करतो.

मी त्या ओसरीत उभा होतो आणि अंगावर काटा आला. श्रद्धेने तर आलाच, पण त्याहून जास्त ताळा जुळल्यामुळे. हिशेब जुळल्याचा आनंद काय असतो तो हिशेबनिसालाच ठाऊक.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. ही ठेव कुणाकडे ठेवली? सावकाराकडे नाही, विणकरांच्या संघटनेकडे. मागावर बसणाऱ्या, हाताने काम करणाऱ्या लोकांची श्रेणी एवढी विश्वासाची होती की राजाच्या जावयाने कायमची ठेव तिच्याकडे दिली. याच लेण्यात नंतरच्या आभीर राजाच्या काळातला लेख आहे. त्यात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी ठेवी ठेवल्या, त्याही कारागिरांच्या श्रेणींकडे. पाण्याची यंत्रे करणारे आणि तेलाचा घाणा चालवणारे यांच्या श्रेणी त्यात आहेत. श्रमणाऱ्या माणसाच्या हाती पुढे पैशाचा विश्वास का राहिला नाही, तो कुठल्या व्यवस्थेने काढून घेतला, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. त्याचे उत्तर घोषणेत मिळत नाही. त्यासाठी बसून अभ्यास करावा लागतो.

राज्य बदलले, दान चालू राहिले

१९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा उठवलेला आहे. म्हणजे शकांचा पराभव झाला आणि जुन्या नाण्यावर नव्या राजाचा ठसा पडला. नोट प्रेसच्या माणसांना याचा अर्थ लगेच कळेल.

पण तिसऱ्या लेण्यातला तो वर्ष १८ चा आदेश आठवा. ज्या शेतावर हरलेल्या पक्षाचा उसभदात वहिवाट करत होता, ते जिंकणाऱ्या राजाने भिक्खूंनाच दिले. शिक्का बदलला, संघाचा आधार तुटला नाही.

एवढ्यात पावसाची मोठी सर आली. आम्ही ओसरीतच बसलो. समोर नाशिक शहर धुक्यात बुडाले होते. मुलीने डबा उघडला. पोळी आणि बटाट्याची भाजी.

मी म्हणालो, "चारी दिशांचा संघ म्हणजे काय गं?"

ती म्हणाली, "लेखात 'चातुदिस' शब्द आहे. कुठूनही आलेला भिक्खू. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त तर स्वतःला उत्तरेकडचा योनक, म्हणजे ग्रीक वंशाचा म्हणवतो. कुणाला दार बंद नाही."

मला समोरच्या धुक्यात पंचवटी दिसत नव्हती, पण ती कुठे आहे हे माहीत होते. २ मार्च १९३० रोजी तिथे काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे नेते आणि हजारो स्त्री-पुरुष उभे राहिले. दार उघडले नाही. १९३५ च्या १३ ऑक्टोबरला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या बंद दारापासून काही कोसांवर हा डोंगर उभा होता. चारी दिशांना उघडे असलेले दार आपल्याच गावात दगडात कोरलेले होते आणि आपल्या पणजोबांना ते वाचता येत नव्हते. कुणी वाचू दिले नव्हते.

दगडापासून आशियापर्यंत

ओसरीत बसून मुलीने मला तिच्या विषयाचा विस्तार सांगितला. मला वाटत होते पाली म्हणजे जुनी भाषा, संपला विषय. तसे नाही. बुद्धवचन इथून निघाले आणि इथेच विसरले गेले. त्रिपिटक जपले ते श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड इथल्या भिक्खूंनी, आपापल्या लिपीत. पुष्कळ संस्कृत बौद्ध ग्रंथांचे मूळ हरवले, पण चिनी आणि तिबेटी भाषांतरे राहिली. सातव्या शतकात चिनी भिक्खू युआन श्वांग इथवर आला आणि त्याने महाराष्ट्राबद्दल लिहून ठेवले. म्हणून आपला स्वतःचा इतिहास नीट कळायला अर्धा आशिया वाचावा लागतो. परदेशातल्या विद्यापीठांत याला आशियाई अभ्यास म्हणतात. आपल्याकडे त्याचे दार पाली आणि बौद्ध अध्ययनातून उघडते.

या वाटेने आधी गेलेला मराठी माणूस म्हणजे धर्मानंद कोसंबी. १८७६ साली गोव्यात जन्म. बुद्धाविषयी शिकायचे म्हणून १८९९ मध्ये घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ करत १९०२ मध्ये श्रीलंकेला पोचले आणि तिथे पाली शिकले. पुढे ब्रह्मदेश. मग कलकत्त्यात पाली शिकवू लागले. पण महाराष्ट्रात पाली यावी म्हणून तिथली नोकरी सोडली आणि सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या महिना पन्नास रुपयांवर इकडे आले. अमेरिकेत हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी गेले आणि १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली.

त्याच गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम. ए. झाले, त्यासाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन भारतीय व्यापार. म्हणजे जुन्या काळी भारताचा माल कुठे जात होता आणि कोणकोणत्या देशांशी नाते होते. पुढे बाबासाहेबांनी स्वतः पाली व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम केले. ते महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात छापले. संविधान लिहिणाऱ्या माणसाला पालीचे शब्द जुळवत बसायला वेळ होता. आपल्याला 'त्याचा उपयोग काय' हा प्रश्न पडतो.

उपयोग काय, त्याचेही उत्तर

तरी मी मुलीला विचारलेच, कारण बाप म्हणून विचारणे भाग होते. तिने कागद काढला. तिनेही जमा आणि खर्च मांडून आणले होते.

खर्चाच्या बाजूला तिने लपवले नाही. कॉलेजात पालीच्या जागा थोड्या आहेत. २०१३ पासून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेच्या ऐच्छिक विषयांत पाली नाही. एम. ए. झाले की नोकरी ठेवलेलीच आहे, असे मुळीच नाही.

जमेच्या बाजूला असे. पुणे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत, त्यामुळे राज्याबाहेर जाण्याची गरज नाही. दिल्ली विद्यापीठात बौद्ध अध्ययन विभाग १९५७ पासून आहे. बिहारमध्ये नव नालंदा महाविहार १९५१ पासून आहे, आणि नव्या नालंदा विद्यापीठात २०१४ पासून वर्ग सुरू झाले. तिथे आशियातल्या अनेक देशांचे विद्यार्थी शेजारी बसतात. पुढे जायचे तर कोलंबोला केलानिया विद्यापीठाची पाली आणि बौद्ध अध्ययनाची पदव्युत्तर संस्था आहे. नेट परीक्षेत पाली हा स्वतंत्र विषय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबरच पाली आणि प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्या जिल्ह्यातच इगतपुरीला विपश्यना संशोधन संस्थेने देवनागरी लिपीत त्रिपिटक छापून ठेवले आहे. पुस्तके दारात आहेत, वाचणारे कमी आहेत.

"आणि पप्पा," ती म्हणाली, "लेखात पडिक म्हणजे काय, हे आज तुम्ही तिकिटावर सोडवलंत. आपल्या माणसांना शेती कळते, माग कळतो, हिशेब कळतो. हे लेख अशाच माणसांच्या व्यवहाराचे आहेत. आपण वाचले नाहीत तर दुसरे वाचतील, आणि आपण पुन्हा 'पांडव राहत होते' एवढेच ऐकून घरी येऊ."

यावर मला उत्तर नव्हते.

घरी परतल्यावर

संध्याकाळी घरी आलो. आईने विचारले, "काय दिसलं रे?" मी सांगण्याआधी नात आजीजवळ बसली. म्हणाली, "आजी, पंचशील म्हणताना वेरमणी म्हणतेस, त्याचा अर्थ काय?" आई म्हणाली, "अर्थ कुणाला ठाऊक? भन्तेजींनी म्हणायला शिकवलं, म्हणते." नातीने सांगितले, "वेरमणी म्हणजे दूर राहणे. सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी. आणि समादियामि म्हणजे मी स्वतःहून अंगावर घेते. कुणी हुकूम केलेला नाही, आजी. तू स्वतः कबूल करतेस."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पन्नास वर्षं म्हणत आले. मला वाटायचं देवाची आज्ञा असते तसं काही असेल. आपणच आपल्याला सांगतो होय!" मग सुनेकडे वळून म्हणाली, "जाऊ दे गं तिला पुण्याला."

मुलीच्या आईला अजून पूर्ण पटलेले नाही. तिची काळजी खोटी नाही, घर ती चालवते. म्हणून आम्ही चौघांनी बसून ठरवले. पहिल्या वर्षापासून नेट-सेटची तयारी करायची. पालीबरोबर तिबेटी किंवा जपानी, एक तरी परकी भाषा शिकायची. दोन वर्षांनी काहीच हाती लागले नाही तर बी. एड. करायचे, त्यात कमीपणा मानायचा नाही. पीएफमधून थोडी रक्कम काढण्याचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी दिला. अर्जात कारण लिहिले, 'मुलीचे उच्च शिक्षण'. ते लिहिताना मला आदेश लिहून घेणारी लोटा आठवली.

बंधू-भगिनींनो, प्रत्येकाच्या मुलाने पालीच शिकावी, असे मी म्हणत नाही. इंजिनीअर व्हावे, नर्स व्हावे, आयटीआय करावे. पण एखाद्या लेकराने घरात हा विषय काढला, तर लगेच "त्याचा उपयोग काय" म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. एक रविवार त्याच्याबरोबर त्रिरश्मीवर जा. पायथ्यावरून परत फिरू नका. वर चढा, पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढा, तिसरे, आठवे आणि दहावे लेणे नीट पाहा. लेखांना हात लावू नका, भिंतीवर नावे कोरू नका. तिथे कोरायची ती नावे आपल्या पूर्वजांनी आधीच कोरून ठेवली आहेत. सोबत एक वही आणि पेन न्या. बसचे तिकीट फार लहान पडते.

माझे ते तिकीट मी बुद्धवंदनेच्या पुस्तकात ठेवले आहे. दोनशे चाळीस जमा, दोनशे चाळीस खर्च.

जयभीम!